बारा फुटांवरची बैठक

हेल्मी यार्वी झाडावरून लटकली, ही बातमी ती खाली उतरायच्या आधीच पेल्टो कॉर्नरच्या गुत्त्यावर पोचली होती, असं लोक सांगतात. थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

झालं होतं ते एवढंच. एका नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या तिसऱ्या दिवशी, हेल्मी वीस फुटांवरच्या मचाणावर चार तास बसली होती. मचाण कसलं, झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी आणि तिच्या टोकाला ताटाएवढं बसकं. सहासष्ट वर्षांची बाई, डाव्या खुब्याचं हाड झिजलेलं. उतरायला पाय खाली सोडला तर पाय आहे की नाही तेच तिला कळेना. पायरी हुकली आणि ती छातीच्या पट्ट्याला लोंबकळत राहिली. वीस मिनिटांनी तिचा पुतण्या कर्ट तिकडून चालला होता, त्यानं तिला सोडवलं.

"पट्टा होता म्हणून वाचलीस," कर्ट म्हणाला.

"पट्टा त्यासाठीच असतो," हेल्मी म्हणाली, आणि बंदूक कुठं पडली ते शोधायला लागली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी खुबा बदलला. एप्रिलमध्ये काठी सोडून ती पहिल्यांदा शुक्रवारचे तळलेले मासे खायला गुत्त्यावर गेली, तर भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांना कुणीतरी शिकाऱ्यांच्या केशरी जाकिटातली बाहुली दोरीनं टांगून ठेवलेली. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. मालकीण घाईघाईनं स्टूल घेऊन बाहुली काढायला आली.

"राहू दे," हेल्मी म्हणाली. जवळ जाऊन तिनं बाहुली नीट बघितली. "पट्टा चुकीचा बांधलाय. गळ्याशी आलाय. असा बांधलात तर मराल सगळे." तिनं तिथंच दोरी सोडून बाहुलीच्या काखेखालून नीट घेतली, गाठ मारली, पुन्हा टांगली, आणि मासे मागवले.

हेल्मी शाळेची बस चालवायची. एकतीस वर्षं, रोज पहाटे आणि दुपारी, बर्फात आणि चिखलात. नवरा फार पूर्वी थंडीला कंटाळून ॲरिझोनाला गेला तो गेलाच. हेल्मीनं माहेरचं आडनाव परत लावलं आणि बस चालू ठेवली. वडिलांनी मागं ठेवलेलं साठ एकर रान, त्यातली लाकडी खोली आणि सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, यात निम्मा हिस्सा तिचा, निम्मा धाकट्या भावाचा, रायनोचा. मोसमाचे नऊ दिवस सगळे तिथंच राहायचे. रायनो, त्याचा मुलगा कर्ट आणि हेल्मी. वडील होते तेव्हापासून हेच चाललेलं.

ऑगस्टच्या शेवटी लाकडं फोडायला ती रानात गेली, तेव्हा तिच्या मचाणाची शिडी तिथं होती, पण खालच्या सहा पायऱ्या करवतीनं कापलेल्या.

रायनो खोलीच्या दारात कॉफी पीत बसला होता. त्यानं लपवलंही नाही.

"तुझ्या भल्यासाठी केलं."

"माझं भलं करवतीनं?"

"हेल्मी, ऐक. रस्त्याकडेच्या खोपीत बस यंदा. जमिनीवर आहे, चार भिंती आहेत. गॅसची शेगडी देतो तुला. नाहीतर इथं स्वैपाकाचं बघ. तुझ्या हातचा वेलदोड्याचा पाव सगळ्यांना आवडतो."

"खोपीत तू बस. घोरायला तुलाच आडोसा लागतो."

"परत पडलीस तर?"

"पडले नव्हते. लटकले होते."

"बरं, लटकलीस. चार माणसांत शोभा झाली की नाही?"

आता मात्र हेल्मीनं हातातली कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "झाली. आणि का झाली सांगू? त्या ताटाएवढ्या बसक्यावर मी चार वर्षं अवघडून बसले, कारण तू म्हणालास, मचाण असंच असतं. माझं चढणं चुकलं नाही रायनो, बसणं चुकलं. आणि बसण्यातलं मला तू शिकवू नकोस."

ज्याला बसता येत नाही त्याला बस चालवता येत नाही, असं ती नव्या ड्रायव्हरांना सांगायची, आणि तिचं म्हणणं खरंच होतं. बूड कुठं टेकायचं, पाठीचा कुठला मणका कुठं आला पाहिजे, टाचा कशा सपाट हव्यात, हात खांद्यातून न उचलता सगळं कसं पोचलं पाहिजे, हे तिला पाठ होतं. दुसऱ्याच दिवशी ती शाळेच्या बसगाड्यांच्या आवारात गेली. मागल्या कुंपणाशी भंगारात निघालेल्या गाड्या उभ्या असतात. तिची शेवटची गाडी तिथंच होती.

"लॉइड," तिनं मेकॅनिकला हाक मारली, "माझी सीट मला काढून दे."

"आठवण म्हणून?"

"झाडावर बसवायचीय."

लॉइडनं तिच्याकडं बघितलं, मग पाना घेतला. खालची जड बैठक काढून नुसती गादी आणि पाठ तेवढी त्यानं सोडवून दिली. बदल्यात त्याला दोन पाव मिळाले.

झाड तिनं स्वतः निवडलं. देवदारांच्या दलदलीपासून साठ-सत्तर पावलांवर, एकाच बुंध्यातून फुटलेली तीन जाड खोडं. तीन खोडांत फळ्या घातल्या की हलत नाही. उंची बारा फूट. आणि शिडी नाही, जिना. पायऱ्यांची उंची तिनं बसच्या पायऱ्यांवरून मोजून आणली होती. त्या पायऱ्या ती रोज चारदा तरी चढली होती, पायांना त्यांची सवय होती. दोन्ही बाजूंना कठडा.

मदतीला डोरीन. शाळेच्या मुदपाकखान्यात हयात घालवलेली, हेल्मीची जुनी मैत्रीण. तिनं आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती, पण तिच्याकडं पिकअप होती. फांदीवरून दोर टाकला, एक टोक सीटला, दुसरं पिकअपला. डोरीननं गाडी वीतभर वीतभर पुढं घेतली आणि बसची सीट झाडावर चढली.

"कुणी बघितलं तर वेड्यांच्या इस्पितळात नेतील आपल्याला," डोरीन खिडकीतून ओरडली.

"नेताना गाडी मीच चालवीन. पुढं घे अजून!"

मग सगळा सप्टेंबर हेल्मी रोज दुपारी तिथं जाऊन नुसती बसली. बंदूक नाही, काही नाही. घड्याळ लावून तीन तास. कुठं दुखायला लागतं ते बघायचं, खाली उतरायचं, हत्यारं घेऊन परत चढायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. म्हणून सीट चार बोटं उंच केली. पाठ फार सरळ होती, तासाभरात मान पुढं पडायची. पाठ थोडी कलती केली. पायांखाली जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकला, म्हणजे बूट घासला तरी आवाज नाही. कॉफीचा थर्मास उजव्या मांडीशी, हात लांबवायला लागू नये असा. पट्ट्याचा दोर डोक्यावरच्या खोडाला एवढाच आखूड, की बसल्यावर त्याला ढील उरू नये. लटकायची वेळ आली तर दोन बोटंच लटकायचं.

तोंड वायव्येला. नोव्हेंबरात वारा तिकडून येतो, म्हणजे हरणाचा वास तिच्याकडं, तिचा हरणाकडं नाही. शिवाय सकाळचं ऊन पाठीशी. एवढं सगळ्यांनाच कळतं. पण एक गोष्ट तिनं तेव्हाच शोधून काढली, तीही डोरीनमुळं.

"तू हरीण हो," हेल्मी म्हणाली. "त्या पायवाटेनं दलदलीतून ये."

"मी हरीण? या वजनाची?"

"गाभण हरीण हो. ये."

डोरीन दोन्ही हातांची बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरून झाडांतून यायला लागली.

"गाभणीला शिंगं नसतात गं!"

"मग पोट धरून येऊ? नीट सांग ना!"

हेल्मीनं काठी बंदुकीसारखी खांद्याला लावली. पायवाट बरोबर समोर होती, आणि ती उजवीकडं वळत होती. उजव्या खांद्याला दस्ता लावलेला माणूस उजवीकडं फार वळू शकत नाही, त्याला सगळं अंगच फिरवावं लागतं, आणि नव्या खुब्याला तेच नको होतं. डावीकडं मात्र नुसता खांदा वळवला की पुरतं. तिनं दुसऱ्या दिवशी खिळे उपसले, सीट हातभर उजवीकडं फिरवली. आता पायवाट आपसूक डाव्या खांद्यावर आली. समोरचा आडवा दांडा छातीइतका उंच ठोकला होता, तो कोपराच्या उंचीवर आणला. त्यावर बंदूक टेकली की हाताला काम नाही. डोरीनला आणखी चार वेळा हरीण व्हावं लागलं.

रायनो एकदा बघायला आला. खाली उभा राहून त्यानं मान वर केली.

"टीव्ही कुठं लावणार?"

"तुझ्या तोंडासमोर नाही, एवढं नक्की."

"बारा फूट काहीच नाही. हरणाला तू दिसशील."

"हललेलं दिसतं त्याला. तू वीस फुटांवर चुळबुळतोस. मी बारावर हलणार नाही."

एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, डोरीनलासुद्धा नाही. जिना उतरताना पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायची वेळ आली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. रोज. ती पट्ट्याची कडी कठड्याच्या दोरात अडकवायची, मनात तीन आकडे मोजायची आणि उतरायची. घाम काही जात नव्हता. तिनं त्याची वाट बघणं सोडून दिलं.

मोसमाचा पहिला शनिवार उजाडला तो कडक. उणे पंधरा. उजाडायच्या अर्धा तास आधी हेल्मी जागेवर होती. रिकामी बंदूक दोरानं वर ओढून घेतली, गोळ्या भरल्या, मागं टेकली. सगळं जिथल्या तिथं. पाऊणएक तासानं दलदलीच्या काठाशी काटकी मोडली आणि नर दिसला. मोठा, जाड मानेचा. सगळा उन्हाळा ज्याचे माग रायनो शोधत होता तोच असणार. हेल्मीनं डावा खांदा वळवला.

आणि सीट कडाडली. सप्टेंबरात मऊ असलेलं ते रेक्झिन थंडीनं पापडासारखं झालं होतं. साऱ्या रानात आवाज घुमला. नरानं मान वर टाकली, शेपटीचा पांढरा झेंडा उभारला आणि तीन उड्यांत नाहीसा झाला.

एवढं सगळं केलं, आणि हे आपल्या कसं लक्षात आलं नाही? तिला स्वतःचा असा राग आला की कान गरम झाले. तरी ती उतरली नाही. संध्याकाळी अंधारेपर्यंत बसून राहिली. दिवसभरात एक खार दिसली.

रात्री सौनातून निघून सगळे टेबलाशी बसले, तेव्हा तिनं आपणहून सांगून टाकलं. लपवून करायचं काय? रायनो हसून हसून खोकायला लागला.

"हरणाला वाटलं असेल बस आली! पळालं बिचारं, शाळेत नको म्हणून!"

कर्टही हसला, पण हेल्मीचं तोंड बघून थांबला.

"झाली ना हौस?" रायनोनं डोळे पुसले. "आता उद्या खोपीत जा. शेगडी भरून ठेवलीय."

हेल्मी उठली. रायनोच्या बाकड्यापाशी गेली आणि त्याच्या अंथरुणावरची जाड लोकरी घोंगडी ओढून घेतली.

"ए! ती माझी आहे!"

"माहीत आहे. खोलीत शेकोटी आहे तुला, मरत नाहीस. लोकर कडाडत नाही." घोंगडी काखेत मारून ती झोपायला गेली.

रविवारी पहाटे तिनं डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात घोंगडी सीटवर दुहेरी घातली, दोरानं पाठीमागून आवळून बांधली. बसली. मुद्दाम डावीकडं वळली, उजवीकडं वळली. चिडीचूप. मग दिवा मालवला.

सकाळभर काही नाही. दहाच्या सुमाराला लांबवर रायनोच्या चारचाकी मोटारसायकलचा आवाज आला. बापलेक अंडी खायला चालले. रोजचंच ते. पाय गारठतात, पाठ आखडते, मग भुकेचं निमित्त मिळतं. साडेदहाला हेल्मीलाही वाटलं, जावं. थंडी बुटांतून वर सरकायला लागली होती, नवा खुबा आतून ठणकत होता. तिथं अंडी आहेत, शेकोटी आहे, आणि कुणी तिला काही बोललंही नसतं. तेच तर. काही बोलले नसते, नुसते एकमेकांकडं बघितले असते.

तिनं बूड किंचित मागं सारलं, टाचा सतरंजीवर सपाट केल्या, कॉफीचा एक घोट घेतला आणि अंग सैल सोडलं. ठणका कमी झाला. गेला नाही, कमी झाला. एवढं पुरे होतं. बाराला तिनं थंडगार पावाचा तुकडा तोंडात विरघळवला.

साडेबारा वाजले असतील. आधी मादी आली. थांबत, कान फिरवत, बरोबर पायवाटेनं. तिनं एकदा मान उचलून थेट मचाणाकडं बघितलं. हेल्मीनं पापणी लववली नाही. मान अवघडलेली असती, पाय बधिर असता, तर काहीतरी हललंच असतं. पण अंग स्वस्थ होतं, हलावंसं वाटतच नव्हतं. मादी खाली बघायला लागली, आणि तिच्या मागून, नाक जमिनीला लावून, नर आला.

हेल्मीनं डावा खांदा वळवला. लोकर गप्प राहिली. बंदूक दांड्यावर टेकलेलीच होती. वडिलांची जुनी थर्टी-थर्टी रायफल. खटका वाजू नये म्हणून हातमोज्यात धरून तिनं घोडा सावकाश मागं ओढला. नर दोन झाडांच्या मधे आला, कुशी पूर्ण दिसली. श्वास अर्धा सोडून तिनं चाप दाबला.

नर उसळला, देवदारांत घुसला, आणि थोड्या वेळानं आत काहीतरी जड कोसळल्याचा आवाज आला. मग सगळं शांत.

लगेच उतरायचं नसतं. अर्धा तास ती तिथंच बसली. थर्मासमधली उरलेली कॉफी संपवली. मग बंदूक रिकामी करून दोरानं खाली सोडली, कडी अडकवली, तळहात पँटला पुसले, एक, दोन, तीन, आणि उतरली.

नर चाळीस पावलांवर पडलेला होता. नऊ टोकांची शिंगं. हेल्मीनं हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला, वडील ठेवायचे तसा.

खोलीत बापलेक पत्ते खेळत होते. हेल्मी दारात येऊन म्हणाली, "दोर घ्या."

"बार तुझा होता?" कर्ट उठलाच.

रायनोनं पत्ते खाली ठेवले नाहीत. "मादी?"

"चल की बघायला. का अंडी जड झालीत?"

दलदलीच्या काठाशी रायनो त्या नराभोवती एक फेरी फिरला. वाकून त्यानं शिंगांची टोकं मोजली, पुन्हा मोजली. उन्हाळाभर ज्याचे खूर त्यानं चिखलात बोटानं मोजले होते ते हेच जनावर, हे त्याला सांगावं लागलं नाही.

"नशीब तुझं," तो शेवटी म्हणाला.

"नशीब दहा वाजता न्याहारीला गेलं होतं," हेल्मी म्हणाली. "मी बसले होते."

कर्टनं हसू दाबायला तोंड फिरवलं. हेल्मीनं सुरी काढली. कर्टनं पाय धरले, तिनं गुडघ्याखाली आपलं जाकीट घेऊन पोट साफ केलं, काळीज पिशवीत घातलं. ओढण्याचं काम मात्र तिनं त्या दोघांना लावलं. "माझा खुबा नवीन आहे," ती म्हणाली, "आणि तुझी पाठ जुनी. जुनं आधी वापरावं." ती बंदूक घेऊन पुढं चालली, आणि मागून रायनोच्या धापा ऐकू येत होत्या.

त्या रात्री काळीज आणि कांदा परतून झाल्यावर, कर्ट बाहेर लाकडं आणायला गेलेला बघून रायनो म्हणाला, "उद्या तू काही बसणार नाहीस ना आता?"

"मादीचा परवाना आहे अजून माझ्याकडं. का?"

"नाही, म्हटलं... एक दिवस मी बसून बघितलं असतं. तिथं. पाठ फार धरते गं माझी त्या शिडीवर."

तेवढं बोलायला त्याला किती जड गेलं असेल, हे हेल्मीला कळत होतं. साठ वर्षं ओळखत होती ती त्याला. पण कापलेल्या सहा पायऱ्याही तिला आठवत होत्या.

"नाही," ती म्हणाली.

"एकच दिवस."

"नाही, रायनो. ती जागा माझ्या अंगाच्या मापाची आहे. तुला तिथं पायवाट उलटी पडेल, तू डावखुरा आहेस. तुझं तू बांध. कसं बसायचं ते दाखवीन मी."

"मला? बसायला शिकवणार?"

"हो. तुला."

रायनोनं ताट उचललं आणि धुवायला गेला. हेल्मीनं सोमवारी आणि मंगळवारीही मचाणावर बैठक मारली. मादी काही मिळाली नाही. बुधवारी रायनोनं घोंगडी परत मागितली, तीही मिळाली नाही.

पुढच्या ऑगस्टात, कुणी काही न बोलता, रायनो पिकअपमध्ये फळ्या घालून रानात आला. त्यानं एक जाड मेपल निवडला होता. हेल्मीनं झाडाभोवती फिरून बघितलं, वाऱ्याची दिशा बघितली, आणि मग फळ्यांना हात लावू न देता बुंध्याशी एक बादली पालथी घातली.

"बस यावर."

"आधी मचाण तर बांधू."

"आधी बसता येतं का बघू. एक तास. हलायचं नाही. कुठं दुखतं ते सांगायचं नाही, लक्षात ठेवायचं. मग त्याप्रमाणे बांधू."

रायनो बसला. हेल्मी समोरच्या ओंडक्यावर घड्याळ घेऊन बसली. चौथ्या मिनिटाला त्यानं पाय बदलला. सातव्याला मान खाजवली. अकराव्या मिनिटाला एक डास कानाशी आला आणि रायनो दोन्ही हात झाडत, शिव्या देत उभाच राहिला.

हेल्मीनं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

"बस," ती म्हणाली. "पहिल्यापासून."